आधी सरकवा, डिंक मग

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही धुळ्याला, लेक ९ वर्षांची, सुट्टीत दोघी मिळून कागदाचं कोलाज करता, आज अॅब्स्ट्रॅक्टच, म्हणजे ओळखीच्या वस्तूचं चित्र नसलेलं, नुसत्या आकार-रंगांचंच करायचं असं ठरवून बसता आणि अर्ध्या तासात फिरून फिरून घर, झाड, दोन डोंगर आणि मधे सूर्य हेच तयार होतं. तुम्ही लिहिलंय की लेक एक तुकडा कापते, चिकटवते, मग दुसरा कापते. आणि विचारलंय की अॅब्स्ट्रॅक्ट करायचं तरी कसं, ते जमलं की नाही हे कसं ओळखायचं, आणि फेव्हिकॉल लावला की कागदाला सुरकुत्या का पडतात. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आधी पारोळ्याकडे, नंतर जळगावात, आणि रिटायर झाल्यापासून दर रविवारी सकाळी माझ्या घरी पाच-सात मुलं आणि त्यांना सोडायला आलेले मोठे असे आम्ही सगळे कागद फाडायला बसतो. तेव्हा जे सांगते ते हाताखालून गेलेलं आहे. उत्तर लांबेल, चहा घेऊन वाचा.

तुमचं अडतंय ते एकाच ठिकाणी, डिंक फार लवकर उघडला जातोय. पहिला तुकडा चिकटला की तो तिथला झाला, आता त्याला काहीतरी म्हणावंच लागतं. तिकोनी तुकडा खालच्या बाजूला चिकटला की पोरीच्या डोक्यात डोंगर येणारच, डोंगर आला की त्याच्यामागून सूर्य, सूर्य आला की खाली नदी आणि नदीकाठी झोपडी. तोच तुकडा सुटा असेल तर तो डोंगर पण असतो, पतंगाचा कोपरा पण असतो, समोसा पण असतो आणि नुसता एक लाल तिकोन पण असतो, आणि लेक त्याला फिरवून उलटा करून कडेला सरकवून बघत बसते. सगळा खेळ त्या बघत बसण्यात आहे. म्हणून माझ्याकडे नियम असा की पहिला पाऊण तास डिंकाची बाटली कपाटात. फाडा, कापा, मांडा, सरकवा, उचला, परत मांडा. चिकटवायचं सगळ्यात शेवटी, आणि कधी कधी त्या दिवशी चिकटवायचंच नाही, फोटो काढायचा आणि तुकडे डब्यात.

मोठमोठ्या लोकांनी पण हेच केलंय. फ्रान्समधला चित्रकार हेन्री मातीस, १९४१ मध्ये त्याच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, त्यानंतर बराच काळ पलंगावर आणि व्हीलचेअरवर काढला, उभं राहून मोठं चित्र रंगवणं होईना, तेव्हा त्याने कात्री हातात घेतली. मदतनीस कागदांवर आधी सपाट रंग देऊन ठेवायचे, हा त्यातून आकार कापायचा आणि ते तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावले जायचे. टाचणी बरं का, डिंक नाही. मग हा तुकडा जरा वर घ्या, तो थोडा तिरका करा, तो काढूनच टाका, असं बघत बघत दिवस जायचे, पक्कं चिकटवणं सगळ्यात शेवटी. त्याची 'गोगलगाय' म्हणून १९५३ ची कलाकृती आहे, जवळजवळ तीन मीटर लांब आणि तितकीच उंच, मोठाले रंगीत तुकडे गोल वळत गेलेत. नाव वाचलं नाही तर गोगलगाय चटकन डोक्यात यायची नाही, तरी बघत राहावंसं वाटतं. मोबाईलवर शोधून लेकीला दाखवा, पण आधी नाव सांगू नका.

आपल्याकडे चाळीसगावला कलामहर्षी केकी मूस होऊन गेले, ते फोटोग्राफर, पण त्यांची टेबल टॉप फोटोग्राफी आठवा. आयुष्यातली बहुतेक वर्षं ते घराबाहेर पडले नाहीत आणि घरातल्या टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून असे फोटो काढले की बघणाऱ्याला अख्खं निसर्गदृश्य दिसावं. तिथे तर डिंकाचा प्रश्नच नाही, सगळी करामत मांडण्यात आणि एखादी वस्तू बोटभर इकडे की तिकडे यात. धुळ्याहून चाळीसगाव लांब नाही, स्टेशनजवळ त्यांच्याच घरात संग्रहालय आहे, लेकीला घेऊन जाच.

आता मागच्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगते, कारण अॅब्स्ट्रॅक्ट "जमणं" म्हणजे काय ते मला त्या दिवशी जितकं नीट दिसलं तितकं पुस्तकात नव्हतं दिसलं. असोद्याच्या एक आजी नातीला सोडायला आल्या होत्या, पाऊस लागला म्हणून थांबल्या. नातीने ब्राऊन पेपरवर मांडलं होतं, लग्नपत्रिकेचे तीन जांभळे तुकडे, सराफाकडच्या गुलाबी कागदाची एक लांब फाडलेली पट्टी, आणि बरोब्बर मधोमध एक छोटा काळा चौकोन. आजी जवळ येऊन वाकल्या आणि विचारलं, "हाई काय शे?" पोरीने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं आजी, अजून काही नाही, तुम्ही बसा, बघा. त्या बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी एक बोट त्या काळ्या तुकड्यावर ठेवलं, "आठे नही. तठे," म्हणाल्या आणि तो तुकडा डावीकडे खाली नेला, असा की त्याचा कोपरा गुलाबी पट्टीच्या टोकाला जेमतेम टेकला. दोन बोटं, जास्तीत जास्त तीन. पण इतका वेळ नुसती पडून असलेली ती गुलाबी पट्टी एकदम त्या काळ्याला धरून लटकल्यासारखी झाली, मधली जागा मोकळी झाली आणि तिन्ही जांभळे तुकडे त्या मोकळ्या जागेभोवती येऊन बसल्यासारखे दिसायला लागले. आजी मागे सरकल्या, म्हणाल्या, "आते बरं दिखस." काय आहे ते परत विचारलं नाही.

नंतर बोलता बोलता कळलं की त्यांनी घरातल्या सगळ्या गोधड्या स्वतः शिवल्यात. मग मला आश्चर्य वाटलं नाही. जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा कुठे, धोतराचा पांढरा कुठे, लाल किनार कोपऱ्यात की मधे, हे ठरवताना कोणतीच बाई "हे काय आहे" असं विचारत नाही, ती फक्त बघते की डोळ्याला कुठे खुपतंय. आपल्या घरातलं सगळ्यात जुनं अॅब्स्ट्रॅक्ट पेटीत घडी घालून ठेवलेलं आहे. तुमच्याकडे आजीची गोधडी असेल तर ती अंथरा आणि लेकीला विचारा की यातला सगळ्यात जोरात बोलणारा तुकडा कोणता, आणि तो झाकला तर काय होतं. हाताने झाकून बघा खरंच.

तेव्हा घरात एवढा एक बदल करा, "हे काय आहे" हा प्रश्न तुमच्याकडून जायला नको. त्याऐवजी विचारा, हा तुकडा कुठे जाऊ बघतोय, कुठे गर्दी झालीय, यातलं कोण एकटं पडलंय. मुलं याची उत्तरं पटापट देतात. आणि लेक स्वतःच म्हणाली की मम्मी हे मांजर दिसतंय, तर नको म्हणू नका, हो गं म्हणा आणि बेस, म्हणजे खालचा मोठा कागद, पाव वळण फिरवा. चारही बाजूंनी मांजरच दिसत असेल तर राहू द्या मांजर.

यात आम्हा शिक्षकांचाही हात आहे, तो मी कबूल करते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी आम्ही संकल्पचित्र घोटून घ्यायचो, दोन्ही बाजू सारख्या, रेघेबाहेर रंग जाता कामा नये, आणि त्याचा उपयोगही आहे, हात स्थिर होतो. पण तेच नीटनेटकेपण मी फाडलेल्या कागदावरही लादलं. सातवीतला एक मुलगा होता, प्रदर्शनासाठी त्याने वर्तमानपत्राचं मोठं कोलाज केलं होतं, सगळं वजन एका बाजूला आणि दुसरी बाजू रिकामी. मी त्याच्यासमोर रिकाम्या बाजूला दोन तुकडे चिकटवले, म्हटलं आता बॅलन्स झालं. तो काहीच बोलला नाही. पण त्यानंतर वर्षभर तो प्रत्येक तुकडा लावायच्या आधी मला विचारायला यायचा, मॅडम इथे लावू का. ते मला आजही लागतं. ती रिकामी बाजूच त्या चित्रातली सगळ्यात चांगली गोष्ट होती. म्हणून सांगते, लेकीच्या मांडणीला हात लावू नका, तुमचा हात शिवशिवत असेल तर तुमचा वेगळा कागद घ्या.

बरं, आता आपल्याकडची खरी अडचण, फॅन. मे महिन्यात धुळे-जळगावला पारा ४४-४५ ला टेकलेला, फॅन बंद करून कोण बसणार, आणि फॅन लावला की सुटे तुकडे घरभर. मला वाटतं निम्मी माणसं डिंक लवकर लावतात ती याच्यामुळे. आम्ही दोन गोष्टी करतो. सकाळी साडेसहाला बसतो, साडेआठला उठतो. आणि प्रत्येक तुकड्यावर एक चिंचोका ठेवतो. चिंचोका छान जड असतो, घसरत नाही, कागदावर डाग पाडत नाही, आणि बोटाने चिंचोका सरकवला की खालचा तुकडा पण सोबत सरकतो, मुलांना तेच आवडतं. कूलरसमोर मात्र बसू नका, त्याच्या ओलसर हवेने पतंगी कागद मऊ पडतो आणि कडा वळतात. अर्धवट राहिलेली मांडणी ठेवायची असेल तर मोठ्या स्टीलच्या ताटात करा, वर दुसरं ताट उपडं घाला आणि माळ्यावर ठेवून द्या, संध्याकाळी परत काढा. मधे गेलेल्या वेळात डोळा ताजा होतो, सकाळी जे सुंदर वाटलं होतं ते संध्याकाळी गर्दीचं वाटतं, असं खूपदा होतं.

कागद विकत आणू नका, निदान सुरुवातीला. रंगीत घोटीव कागदाचं पाकीट आणलं की सगळे रंग सारखेच भडक आणि सारखेच गुळगुळीत, मग तुकड्यांचं एकमेकांशी काही होत नाही. घरातच बघा, वर्तमानपत्र, पुठ्ठ्याचे बॉक्स, औषधाच्या खोक्यातली ती पातळ घडीची माहितीपत्रकं (त्यांचा करडा रंग लांबून फार सुंदर दिसतो), कॅलेंडरची जुनी पानं, साडीच्या बॉक्समधला पातळ कागद, मिठाईचे बॉक्स, शाळेच्या वह्यांची रेघांची पानं. आणि आपल्याकडे सराफाच्या दुकानात दागिना ज्यात गुंडाळून देतात तो गुलाबी कागद, जळगावच्या घराघरात असतो, तसला गुलाबी कुठल्या पाकिटात मिळत नाही. फक्त तो ओला झाला की रंग सोडतो, त्याला पाणी घातलेला डिंक लावू नका.

लग्नपत्रिका म्हणजे खजिना. जाड कागद, मखमली पोत, सोनेरी छपाई. पण पत्रिकेवर गणपती असतो, कुलदैवत असतं, त्यावरून कात्री फिरवायला पुष्कळ घरात जीव धजत नाही, आणि तो भाव मला बरोबर वाटतो. आम्ही आधी देवाचं चित्र आणि नावं असलेला भाग नीट कापून वेगळ्या पाकिटात ठेवतो आणि उरलेलं वापरतो. घरातली जुनी चोपडी, खतावणी, आजोबांची पत्रं, सातबारा असलं काही मात्र मुळातून फाडू नका, झेरॉक्स काढा आणि झेरॉक्स फाडा.

असल्या जुन्या कागदांवरून आठवलं, जर्मनीत हॅनोव्हरला कुर्ट श्विटर्स म्हणून होता, पहिल्या महायुद्धानंतर ट्रामची तिकिटं, पाकिटं, छापील चिठोऱ्या असलं रस्त्यावरचं उचलून कोलाज करायचा. एका बँकेच्या छापील जाहिरातीतून 'कोमर्झ' हा शब्द कापताना 'मेर्झ' एवढंच उरलं, तर तेच त्याने आपल्या सगळ्या कामाचं नाव ठेवलं. तुकड्यावर अर्धवट आलेलं अक्षर असं कामाला येतं. आपल्या देवनागरीत तर मजा आणखी, वर्तमानपत्रातलं मोठं शीर्षक आडवं फाडलं की शिरोरेघ एकीकडे राहते आणि खालची अक्षरं दुसरीकडे, शिरोरेघेची ती काळी तुटक पट्टी कोलाजमध्ये फार कामाची.

फाडायचं कसं हे पण शिकायचं असतं. कागदाला धागा असतो, म्हणजे त्यातले तंतू एका दिशेला जास्त पडलेले असतात, त्या दिशेने फाडलं की सरळ जातो, आडवं फाडलं की वेडावाकडा. वर्तमानपत्र वरून खाली फाडून बघा आणि मग आडवं फाडून बघा, लेकीच्या लगेच लक्षात येईल. छापील जाड कागद फाडला की एका तुकड्याला पांढरी कड येते आणि दुसऱ्याला येत नाही. कोणता हात आपल्याकडे ओढतोय ते बदललं की पांढरी कड दुसऱ्या तुकड्याला जाते. ही पांढरी कड म्हणजे फुकटात मिळालेली रेघ आहे, दोन गडद रंग शेजारी आले की मधे तीच श्वास घ्यायला जागा देते. कात्रीची कड कडक, फाडलेली कड मऊ, दोन्ही एकाच कागदावर आले की बरं वाटतं, पण एकाचं प्रमाण नक्की जास्त ठेवा, अर्धं-अर्धं करू नका.

कधी डोळे मिटून फाडा. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जी, १९५७ मध्ये डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली, आणि त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून कोलाज केली, हाताला लागणाऱ्या कडेवरून. हे मी मुलांना सांगते आणि मग कोणी पाच मिनिटं डोळे उघडत नाही, इतक्या शांततेत फाडतात की फक्त कागदाचा आवाज येतो. डोळे उघडल्यावर हातात असे आकार असतात जे डोळे उघडे ठेवून कधीच कापले गेले नसते. घर-झाड-सूर्यावर याच्याइतका चांगला उपाय मला दुसरा माहीत नाही.

दोघींनी मिळून खेळायचा खेळ सांगते, आमच्याकडे सगळ्यात चालतो. मधे एक कागद, दोघींकडे प्रत्येकी सात तुकडे, आपले आपण फाडलेले. पाळीपाळीने खेळायचं. आपल्या पाळीला तीनपैकी एकच करता येतं, नवा तुकडा ठेवायचा, नाहीतर कागदावरचा कुठलाही एक तुकडा सरकवायचा किंवा फिरवायचा, नाहीतर एक उचलून बाहेर काढायचा. समोरच्याचा तुकडा पण सरकवता येतो, तिथेच खरी गंमत. बोलायचं नाही. ज्याला वाटेल की आता काही करायला नको तो टेबलावर टकटक करतो, दोघींनी लागोपाठ टकटक केलं की संपलं. पहिल्यांदा पोरं सातही तुकडे घाईने ठेवून मोकळी होतात, तिसऱ्या डावापासून तुकडा बाहेर काढायला लागतात, आणि ज्या दिवशी लेक स्वतःचा आवडता तुकडा स्वतः उचलून बाजूला ठेवेल त्या दिवशी समजा तिला मांडणी दिसायला लागली.

वरून तुकडे टाकायचा प्रकारही करून बघा. हान्स आर्प नावाच्या कलाकाराने १९१६-१७ च्या सुमाराला कागदाचे चौकोन फाडून "योगायोगाच्या नियमाने" मांडलेली कोलाज केली, तुकडे पडतील तसे ठेवायचे ही कल्पना. पण ती चित्रं बघा, तुकडे एकमेकांवर फारसे चढलेले नाहीत, बऱ्यापैकी अंतर ठेवून बसलेत, म्हणजे पडल्यावर हात फिरलेला आहे हे उघड आहे. आपणही तसंच करायचं. कमरेच्या उंचीवरून आठ तुकडे सोडायचे आणि मग फक्त तीन हालचाली करायची परवानगी. आठातले पाच असे पडलेले असतात की आपण मुद्दाम कधी तसे ठेवले नसते, ते जपायचे.

रंगांचं एकच सांगते कारण त्यावर बोलायला लागले तर रात्र होईल. आकार घेऊ नका, प्रमाण घ्या. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या बघितल्यात ना तुम्ही, जमिनीवर लांबच लांब लाल, मधून चालायच्या मातकट पायवाटा, कडेला एखादी बाई निळ्या साडीत वाकलेली. मी एकदा बसमधून ते बघितलं आणि घरी येऊन कोलाज करायला बसले, पहिल्यांदा मिरच्या कापल्या, बाई कापली, ते शाळेच्या तक्त्यासारखं झालं, मेलेलं. मग सगळं काढलं आणि मनात मोजलं की बघताना डोळ्यात लाल किती होतं, दहात आठ असेल, मातकट दीड, आणि निळं अगदी नखाएवढं. लाल चार प्रकारचं घेतलं, दोन पत्रिकांचं, एक वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचं, एक आगपेटीच्या कव्हरचं. निळा तुकडा एकच. तो कुठे ठेवायचा यात दोन संध्याकाळी गेल्या आणि शेवटी तो वरच्या कडेला अर्धा बाहेर जाईल असा बसला. नंदुरबारच्या एका बाईंनी ते भिंतीवर बघितलं आणि मी काही सांगायच्या आधी म्हणाल्या, हे आमच्याकडचं ऊन आहे. लेकीला म्हणा, केळीचा बाग घे, पण केळीचं झाड नको, फक्त किती हिरवं, किती काळं, आणि पानांच्या फटीतून येणारं पांढरं किती, तेवढं सांग.

जमलं की नाही हे ओळखायचं. कागद चारही बाजूंनी फिरवा, आणि पाच पावलं लांब जाऊन बघा. मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाईट करा, सगळं सारखंच राखाडी दिसलं तर गडद-फिक्याचा फरक कमी पडलाय, एखादा काळा किंवा पांढरा तुकडा हवा. पुठ्ठ्याचे दोन इंग्रजी एल आकाराचे तुकडे कापून ठेवा, ते एकमेकांवर ठेवून लहान-मोठी चौकट होते, ती चित्रावर फिरवा. पुष्कळदा अख्खं चित्र फसलेलं असतं आणि त्यात तळहाताएवढा एक भाग इतका सुंदर असतो की बस, तेवढाच कापून घ्या. आणि शेवटची खूण म्हणजे आता एखादा तुकडा हलवला तर बिघडेल अशी भीती वाटायला लागते. ती भीती वाटली की डिंक काढा.

आता सुरकुत्या. फेव्हिकॉल पाण्यातला डिंक आहे, कागद पाणी पितो, फुगतो, वाळला की आकसतो, आणि सगळीकडे सारखा आकसत नाही म्हणून लाटा येतात. तेव्हा बेस नेहमी तुकड्यांपेक्षा जाड हवा, वहीच्या पानावर पत्रिकेचा तुकडा लावला तर पान गोळा होणारच. कार्डशीट, मिठाईच्या बॉक्सचा पुठ्ठा, जुन्या कॅलेंडरचा मागचा पुठ्ठा चालतो. डिंक बाटलीतून थेट ओतू नका, झाकणात थोडा घ्या, चपट्या ब्रशने पातळ थर द्या, मधून कडेकडे, कडा सोडायच्या नाहीत. पतंगी कागद किंवा पातळ कागद असेल तर डिंक त्याला न लावता बेसला लावा आणि वरून कागद सोडा, मधून बाहेर तळहाताने हलकं दाबत जा. आपल्या उन्हाळ्यात डिंकावर मिनिटभरात साय धरते, म्हणून एका वेळी एकच तुकडा. झालं की वर बटर पेपर आणि त्यावर जाड पुस्तकांची थप्पी, रात्रभर. पुठ्ठाच वाकायला लागला तर मागच्या बाजूने तेवढाच एक साधा कागद तसाच डिंकाने चिकटवा, दोन्हीकडून ओढ बसते आणि तो सरळ होतो.

लहान मुलांना ग्लू स्टिक सोपी, सुरकुत्या जवळजवळ नाहीत, फक्त आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कडा काही महिन्यांनी सुटतात, तिथे ब्रशने थोडा फेव्हिकॉल फिरवा. मला स्वतःला खळ आवडते. तीन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, वर वाटीभर पाणी घालून मंद गॅसवर ढवळत राहायचं, पांढरट पीठ जाऊन चकचकीत पारदर्शक झाली की उतरवायची. दोन दिवस फ्रिजमध्ये टिकते. खळीने लावलेला तुकडा थोडा वेळ ओला राहतो, तेवढ्यात अजून अर्धा बोट सरकवता येतो, म्हणून ती मला जवळची. पूर्वी किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायचे, ते विषारी आहे, मुलांच्या कामात अजिबात नको, त्यापेक्षा थोडीच करा आणि उरलेली फेका.

झालेली कोलाज भिंतीवर उन्हात लावू नका. वर्तमानपत्र पिवळं पडतं, पतंगी आणि क्रेप कागदाचा रंग एका उन्हाळ्यात उडतो. मोठ्या फाइलमध्ये मधे बटर पेपर घालून आडवी ठेवा, वर्षातून एकदा पोळ्यानंतर काढून सगळी जमिनीवर पसरून बघा. मागे पेन्सिलने तारीख आणि कोणी केलं ते लिहा. वरची बाजू कोणती ते मात्र लिहू नका, लेक पुढच्या वर्षी ते वेगळ्या बाजूने धरेल.